स्फोटके नसलेला ‘सॅबो’ गोळा रणगाड्याचे चिलखत कसा भेदतो?

१८१८ च्या मे महिन्यात आपल्या सोलापूरच्या भुईकोटावर इंग्रजांनी डागलेले तोफगोळे वजनाने आणि स्फोटाने काम करीत. हा आधुनिक गोळा मात्र केवळ वेगाने करतो. त्याचा गाभा म्हणजे टंगस्टनच्या मिश्रधातूचा किंवा क्षीण युरेनियमचा (अणुइंधन बनवताना मागे उरणाऱ्या जड युरेनियमचा) लांब, बारीक दांडा. तोफेची नळी १२० किंवा १२५ मिलिमीटर व्यासाची आणि दांडा त्याहून फारच बारीक असल्याने मधली जागा हलक्या धातूचा, बहुधा तीन तुकड्यांचा सॅबो भरून काढतो (फ्रेंचमध्ये याचा अर्थ लाकडी पादत्राण, आपल्या खडावाच म्हणा). त्यामुळे वायूचा दाब पूर्ण रुंदीवर मिळतो, वजन मात्र कमी राहते आणि वेग सेकंदाला सुमारे १,५०० ते १,७०० मीटरपर्यंत जातो. नळीबाहेर पडताच हवेच्या रेट्याने सॅबोचे तुकडे उकलून गळून पडतात.

इतका लांबट दांडा भोवऱ्यासारखा फिरवून स्थिर राहत नाही, म्हणून त्याला बाणासारखे पंख असतात. आघाताच्या प्रचंड दाबाखाली पोलाद जवळजवळ द्रवासारखे बाजूला सरते, दांडाही टोकाकडून झिजत जातो; म्हणूनच त्याची लांबी महत्त्वाची.