इंग्लिशमध्ये कायम चांगले मार्क, आणि इथे सहापैकी दोन

प्रश्न : ताई नमस्कार. मी न्यू जर्सीत अकरावीत आहे, बाबांच्या जॉबमुळे आम्ही दोन वर्षांपूर्वी नाशिकहून इकडे आलो. तिकडे इंग्लिश माझा सगळ्यात चांगला विषय होता म्हणून या वर्षी मी एपी इंग्लिश लँग्वेज (शाळेतच कॉलेजच्या पातळीचा वर्ग, मे महिन्यात त्याची परीक्षा असते) घेतलं, पण पहिल्याच ऱ्हेटॉरिकल अ‍ॅनालिसिसच्या निबंधाला (एखादं भाषण किंवा पत्र देतात, ते लोकांना पटावं म्हणून कसं मांडलंय ते उलगडायचं) 6 पैकी 2 मिळाले. टीचरनी लिहिलंय की भाषणात काय आहे ते तू सांगितलंस, वक्त्याने ते तसं का मांडलं हे कुठेच नाही. मला खरंच कळत नाहीये यांना नक्की काय हवंय. वर्गातली बाकीची मुलं लहानपणापासून इंग्लिशच वाचतायत, माझ्या डोक्यात आधी मराठी वाक्य येतं मग मी ते फिरवते, त्यात वेळ जातो. आई म्हणते ट्यूटर लावू, बाबा म्हणतात जीपीए (सगळ्या विषयांच्या ग्रेडची सरासरी) खराब होण्याआधी सोडून दे आणि साधा वर्ग घे. मला सोडायचं नाहीये. काय करू?

उत्तर : सोडू नकोस, निदान आत्ता तरी नको. आणि आधी ते 2 मार्क कुठून आले ते बघ, कारण या परीक्षेत निबंधाचे 6 मार्क कसे वाटलेत हे उघड आहे, थीसिसला, म्हणजे तुझ्या मुख्य विधानाला, 1, पुरावे आणि त्यावरचं तुझं विवेचन याला 4, आणि विचाराची खोली वगैरे असेल तर शेवटचा 1. टीचरनी लिहिलंय त्यावरून मला वाटतं तुला थीसिसचा 1 मिळाला आणि मधल्या चारातला 1. म्हणजे तुझं इंग्लिश कच्चं नाही, गेलेल्या चारपैकी तीन मार्क त्या एकाच खणातून गेलेत. तो शेवटचा खोलीचा मार्क सध्या विसरून जा, तो फार थोड्यांना मिळतो आणि त्याच्यामागे लागून मुलं उगाच जड जड वाक्यं लिहायला लागतात.

आता त्यांना काय हवंय. आपल्याकडे शाळेत आपण अलंकार ओळखतो, अनुप्रास आहे, उपमा आहे, लिहिलं की मार्क मिळाला. आणि धड्यावरच्या प्रश्नाला धड्यात काय आहे ते नीट सांगितलं की झालं. इथे नेमकं त्याच्यापुढचं विचारतात, की हे या माणसाने या लोकांसमोर या वेळी असंच का मांडलं, आणि त्याने ऐकणाऱ्यावर काय परिणाम होतो.

तुला जवळचं उदाहरण देते. 2019 च्या परीक्षेत या प्रश्नाला गांधीजींचं पत्र आलं होतं, मिठाच्या सत्याग्रहाआधी 2 मार्च 1930 ला त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनना लिहिलेलं, त्याचा शेवटचा भाग. त्यात ते म्हणतात की तुम्ही काहीच केलं नाहीत तर या महिन्याच्या अकरा तारखेला मी आश्रमातल्या सहकाऱ्यांना घेऊन मिठाचा कायदा मोडायला निघेन, आणि हेही म्हणतात की ही धमकी नाही, हे माझं कर्तव्य आहे. आता तू जर लिहिलंस की गांधीजी कायदा मोडण्याची तारीख सांगतात आणि नम्र भाषा वापरतात, तर ते बरोबर आहे पण ते फक्त पत्रात काय आहे ते झालं. याउलट असं लिही की कायदा मोडणारा माणूस सहसा लपूनछपून मोडतो, गांधीजी मात्र सरकारच्या प्रमुखालाच आधी तारीख कळवतात, त्यामुळे त्यांना गुन्हेगार ठरवणं आयर्विनना अवघड होतं, आणि धमकी नाही म्हणत असतानाच निर्णयाचं ओझं ते अलगद समोरच्याच्या टेबलावर ठेवतात. बघ, पत्रातली गोष्ट तीच आहे, पण आता तू ती का आहे ते सांगतेयस. त्या चारातले बाकीचे मार्क इथे आहेत. एका निबंधात अशा दोन-तीन जागा नीट उलगडल्यास तरी पुरे, दहा ठिकाणांना नुसता हात लावून काही मिळत नाही.

यासाठी रोज एक छोटी सवय लाव. कुठलाही वर्तमानपत्रातला लेख घे, मराठी अग्रलेख घेतलास तरी चालेल, खरंच चालेल, आणि एकच परिच्छेद वाचून स्वतःला विचार की हा परिच्छेद इथून काढून टाकला तर लेखाचं काय बिघडेल? त्याचं उत्तर दोन वाक्यांत, इंग्लिशमध्ये, लिहून ठेव. विचार मराठीत झाला तरी हरकत नाही, मुद्दे मराठीत टिपलेस तरी हरकत नाही, फक्त पूर्ण मराठी वाक्य तयार करून मग ते फिरवू नकोस, मुद्द्यावरून सरळ इंग्लिश वाक्य लिही, छोटं असलं तरी चालेल. वेळ तिथेच वाचतो. शब्दकोशातून भारी शब्द शोधून घालणं तर बंदच कर, तपासणाऱ्याला ते लगेच दिसतं.

दुसरं, त्या 2 मार्कांच्या निबंधाचा फक्त एक परिच्छेद पुन्हा लिही आणि तो घेऊन टीचरकडे जा, शाळा सुटल्यावर किंवा एक्स्ट्रा हेल्पच्या वेळेला. आपल्या मुलांना हे जड जातं मला माहितीये, शिक्षकांकडे जाऊन मार्कांबद्दल बोलणं म्हणजे उद्धटपणा असं आपल्याला वाटतं, पण इकडे तसं समजत नाहीत, उलट मुलं येत नाहीत याचीच शिक्षकांना काळजी असते. मार्क वाढवा असं म्हणू नकोस, विचार की हा परिच्छेद आता कुठल्या पायरीवर आला. ट्यूटर लावण्याआधी हे कर. आईला सांग की ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या साइटवर जुने प्रश्न, मुलांनी लिहिलेले खरे निबंध आणि त्यांना तेवढेच मार्क का दिले याचं स्पष्टीकरण फुकट मिळतं. 2 मार्कांचा आणि 4 मार्कांचा निबंध शेजारी ठेवून वाच, एका शनिवारी एवढंच केलंस तरी खूप कळेल.

वर्गातल्या मुलांनी जास्त वाचलंय हे खरं आहे, त्याला इलाज वाचणं हाच. पण परीक्षेतल्या आर्ग्युमेंटच्या निबंधात, म्हणजे जिथे स्वतःचं मत पटवून द्यायचं असतं, तुझ्याकडे असं काही आहे जे त्यांच्याकडे नाही. तिथे पुरावा तुझ्या वाचनातला, अनुभवातला, बघितलेला कुठलाही चालतो. लासलगावला कांद्याचे भाव पडले की शेतकऱ्याच्या घरात काय होतं, द्राक्षाच्या बागेवर अवकाळी पाऊस आला की काय होतं, हे तू नाशिकला असताना ऐकलं असशील, पाहिलं असशील, तर ते नेमकेपणाने लिही. बाजार, न्याय, जोखीम यावरच्या प्रश्नात असं खरं उदाहरण हजारदा वापरलेल्या उदाहरणांपेक्षा कितीतरी वजनदार ठरतं. सिंथेसिसच्या निबंधात, म्हणजे जिथे दिलेले स्रोत वापरून मत मांडायचं असतं, मात्र दिलेल्या 6 पैकी निदान 3 स्रोत वापरावेच लागतात, तिथे मुलं एकेका स्रोताचा सारांश देत बसतात, तू आधी तुझं मत ठरव आणि मग स्रोत आण.

मल्टिपल चॉइसचं फार टेन्शन घेऊ नकोस, 45 प्रश्न 60 मिनिटांत, त्याला एकूण 45 टक्के वजन आहे आणि ते सरावाने सुधारतं. पण एक लक्षात ठेव, परीक्षा आता पूर्ण कॉम्प्युटरवर असते, त्यामुळे घरचा सराव वहीत न करता टाइप करूनच कर, एका निबंधाला 40 मिनिटं लावून. आणि एआयकडून निबंध लिहून घेण्याचा मोह कितीही झाला तरी नको, मे महिन्यात त्या खोलीत तू एकटीच असणार आहेस.

बाबांची काळजी चुकीची नाहीये, जीपीएचं त्यांना वाटणारच. त्यांना घेऊन शाळेच्या काउन्सेलरशी बोल, वर्ग बदलायची शेवटची तारीख कुठली आणि तुमच्या शाळेत एपीच्या ग्रेडला जास्त वजन देतात का, हे दोन प्रश्न विचारा. त्या तारखेच्या आत अजून दोन निबंध होतील. त्यात मधल्या खणातला 1 चा 2 किंवा 3 झाला तर वर्गात राहा, आणि मनापासून प्रयत्न करूनही जागचा हलला नाही तर बाबांबरोबर बसून पुन्हा ठरवा.