आजोबांची चांदीची नाणी आणि जुनं एचएमटी घड्याळ: ठेवल्यास किंमत टिकेल का?

नाण्यांची टिकेल, घड्याळाची फारशी धरून चालू नका. व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड किंवा पाचवा जॉर्ज यांच्या छापाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचा असतो. म्हणजे जवळपास १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी, त्यामुळे कुणी संग्राहक भेटला नाही तरी चांदीचा भाव कुठे जात नाही. सहाव्या जॉर्जचा असेल तर साल बघा: १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा आहे. चांदीच्या वर पैसे मिळतात ते दुर्मीळ सालाला (उदा. १९३९ चा रुपया) आणि न झिजलेल्या नाण्याला. म्हणून चिंच लावून घासू नका, चकचकीत केलेलं नाणं जाणकार कमी भावात मागतो. १९३९ चं मिळालंच तर आधी नकली नाही ना ते तपासून घ्या.

एचएमटी जनता किंवा पायलट लाखोंनी बनली. कंपनीचा घड्याळविभाग २०१६ मध्ये बंद झाल्यावर मागणी वाढली खरी, पण ती मूळ डायल असलेल्या घड्याळाला. बाजारात रंगवलेल्या डायलची आणि सुटे भाग जोडून केलेलीच जास्त. तुमचं घरचंच आहे, मग चावी द्या आणि वापरा.

आणि हो, 'वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये' म्हणत आधी नोंदणी शुल्क मागणारे सरळ ठग. रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये तसा इशारा दिला होता.