घोडी शेपूट घासते, काय करू?

प्रश्न : दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी विकायला न्यायचीय. ती भिंतीला शेपूट घासते, मुळाशी पार खराटा झालाय. कुठलं तेल लावू? (एक वाचक, शहादा)

उत्तर : भाऊ, तेलाचं नंतर बघू. आधी शेपूट उचला. गुदद्वाराभोवती पिवळट, चिकट थर दिसला तर ती जंतांची अंडी. कोमट पाण्यानं पुसा, औषध डॉक्टरांकडूनच घ्या. तसं नसेल तर गोचीड पाहा, कासेच्या सडांमधला मळही पाहा. घोडी त्यानंही घासते. गुंता बोटांनी, टोकाकडून वर सोडवा, मग जरासं खोबरेल. वेणीचं रबर शेपटीच्या हाडावर आवळू नका, रक्त अडतं. केस यात्रेपर्यंत भरणार नाहीत. गंगावन, म्हणजे खोटे केस, तर जोडूच नका, तापीकाठचं जाणतं गिऱ्हाईक शेपूट ओढून बघतं!