ईजीआरला पत्रा लावू का? डिझेलवाल्यांची प्रश्नोत्तरे

इंदूर आणि आसपासच्या डिझेलवाल्यांच्या या वेळच्या टपालात बाकीचे विषय मागेच पडले. ‘ईजीआर काढून टाकू का?’ हे प्रत्येकाने आपापल्या शब्दांत विचारलंय, आणि प्रत्येकाला कुणीतरी ‘टाका काढून’ असं आधीच सांगितलेलं आहे. तेव्हा एकदा इथेच सगळं घेतो.

ईजीआर करतो तरी काय? (लोकमान्यनगर)

ईजीआर म्हणजे एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन. सायलेन्सरकडे निघालेल्या वायूंचा थोडा भाग तो परत इंजिनात सोडतो. आत जाणाऱ्या हवेतला ऑक्सिजन कमी होतो, जळणाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात. दमेकऱ्यांना त्रास देणारे आणि उन्हात ओझोन तयार करणारे ते हेच वायू.

टाकीत औषधाची बाटली ओतली की ईजीआर साफ होतो म्हणतात. आणू का? (सुदामानगर)

नको. डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, ईजीआरच्या वाटेला ते जातच नाही.

मित्राने धुराच्या वाटेत पत्रा ठोकून ईजीआर बंद केला. पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही वाढलं म्हणतो. (रामबाग)

पूर्ण रेस दाबली की ईजीआर तसाही बंदच होतो. मग ओव्हरटेक करताना पत्र्याने जास्तीची ताकद येणार कुठून? मित्राचा ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे परतीच्या धुराची वाट उघडणारी-मिटणारी झडप, बहुधा काजळीने उघडाच अडकला असेल. तो खोलून साफ केला असता तरी एवढाच फरक दिसला असता. ॲव्हरेजचं म्हणाल, तर फुल टाकी ते फुल टाकी मोजून सांगायला सांगा, डिस्प्लेवरचा आकडा नको.

पत्रा लावूनही पीयूसी पास झाली. मग बेकायदा कसं? (महू)

पीयूसीवाला डिझेल गाडीला उभ्या उभ्या रेस देतो आणि धुराचा काळेपणा मोजतो. नायट्रोजनचे ऑक्साइड तो मोजतच नाही. ईजीआर बंद केला की काजळी उलट कमी होते, त्यामुळे कागद हमखास मिळतो! पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) प्रमाणे प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. वर ३ महिने लायसन्सही जातं. गाडीत परस्पर केलेल्या बदलांसाठी कलम ५२ वेगळं आहेच. तुमच्या गाडीला नेमकं काय लागू होतं ते आरटीओत विचारा, चहाच्या टपरीवर नको.

माझी २०१८ची गाडी. चेक इंजिन लाइट सारखा लागतो, स्कॅनरवर पी०४०१ येतो. व्हॉल्व्ह दोनदा साफ केला. आता एक जण म्हणतो, लॅपटॉपवरून ईजीआर बंद करून देतो, लाइट पुन्हा लागणार नाही, पत्रा फुकट. कूलंटही अधूनमधून थोडं घालावं लागतं. (विजयनगर)

शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत. मला मात्र पहिली चिंता त्याचीच वाटते.

बऱ्याच डिझेल गाड्यांत धूर परत सोडण्याआधी ईजीआर कूलरमधून थंड करतात. त्यात एका बाजूने धूर आणि दुसऱ्या बाजूने कूलंट वाहतं. मधली भिंत चिरली की बाहेर थेंबही न दिसता कूलंट आत उतरतं. खाली डाग नाही, रेडिएटर सुका, तरी बाटलीतली पातळी घटते आणि सकाळी पहिल्या स्टार्टला गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. अशा वेळी पत्र्याने फक्त धूर अडतो, कूलंट अडत नाही. ते इनटेककडे, म्हणजे हवा आत नेणाऱ्या वाटेकडे, झिरपून सिलिंडरमध्ये साठलं तर? पाणी दाबलं जात नाही. सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉडच वाकतो, आणि मग इंजिनच खोलावं लागतं. आधी कूलरची प्रेशर टेस्ट करून घ्या. हेड गॅस्केटही तपासायला सांगा.

दुसरं, पी०४०१ म्हणजे ‘व्हॉल्व्ह खराब’ नव्हे. अपेक्षेपेक्षा कमी धूर परत येतोय, एवढंच तो कोड सांगतो. कूलर तुंबला असेल, नळीत काजळी असेल, व्हॅक्यूमचा पाइप फाटला असेल किंवा हवा मोजणारा सेन्सर खोटं सांगत असेल. दोनदा साफ करूनही पुन्हा तेच, म्हणजे मूळ कारण कुणी शोधलंच नाही. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून) येणारी ऑइलची वाफ आणि काजळी मिळून इनटेकमध्ये डांबरासारखा थर बसतो. पलासिया ते राजवाडा एवढंच फिरणाऱ्या, कधी नीट न तापणाऱ्या इंजिनात तो जास्तच साचतो. टर्बोचं सील किंवा इंजेक्टर गळत असेल तर विचारूच नका.

आता तो लॅपटॉप. त्यातून बिघाड जात नाही, बिघाड सांगणाऱ्याचं तोंड बंद होतं. इंजिनच्या कॉम्प्युटरसाठी घाईघाईत बनवलेल्या सॉफ्टवेअर फाइलीत शेजारचे कोडही उडवलेले असतात, मग उद्या दुसरं काही बिनसलं तरी लाइट गप्प. सॉफ्टवेअरने प्रदूषण लपवण्याची हीच हुशारी एका बड्या जर्मन कंपनीने केली होती. २०१५ मध्ये ती अमेरिकेत उघडी पडली आणि भारतातल्याही लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्या गृहस्थांना एकच विचारा, ‘माझी मूळ फाइल जपून ठेवणार का?’ उत्तर ‘गरज नाही’ असं आलं तर किल्ली खिशात घालून सरळ घरी या. पुढची तपासणी नोंदी, दाब आणि तापमान वाचून दाखवणाऱ्या गॅरेजमध्येच करा.

बीएस-६ गाडी आहे. ईजीआर आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) दोन्ही काढायचं स्वस्त पॅकेज मिळतंय. (देवास रोड)

घेऊ नका. १ एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे प्रदूषणाच्या बीएस-६ निकषांच्या, गाड्यांत या सगळ्या गोष्टी एकमेकांच्या भरवशावर चालतात, वॉरंटी जाईल ती वेगळीच. पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक काय गंमत म्हणून बांधलाय? गाडी मोजूनमापून तयार होते, आणि हे लोक दहा मिनिटांत ती ‘सुधारून’ देणार! डीपीएफ भरत असेल तर सर्व्हिस सेंटरला रीजनरेशन (साचलेली काजळी जाळून टाकणं) कधी, किती वेळा झालं ते विचारा.

घाटात गाडी दम टाकते, काळा धूर येतो. दिवाळीत पुण्याला जायचंय. आल्यावर दाखवलं तर चालेल? (राजेंद्रनगर)

नाही. व्हॉल्व्ह उघडा अडकला असावा, पण टर्बोचा पाइप सुटला तरी अशीच लक्षणं दिसतात, त्यामुळे नुसतं टपाल वाचून निदान करणार नाही. वाटेतल्या बिजासन घाटात मागे ट्रकची रांग आणि गाडी लिंप मोडमध्ये (आपोआप ताकद कमी करून चालणारी), हे कुटुंबासोबत नको. याच आठवड्यात दाखवा. निघायच्या आदल्या दिवशी आलात तर व्हॉल्व्ह खोलता येईल, पण गॅस्केट इंदूरच्या दुकानात नसलं तर गाडी तशीच उघडी पडून राहील.