फादर कुलगुरू असले तर पदवी कोणाची?

प्रश्न : मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. मुलगी बारावी झाली, मानसशास्त्र घ्यायचं म्हणते. बंगळुरूच्या क्राइस्ट युनिव्हर्सिटीत तिचं नाव लागलंय, फी भरायला आठ दिवस उरलेत. घरात दोन तट पडले आहेत. माझे मोठे भाऊ म्हणतात, चर्चची आहे, फादर चालवतात, पोरगी हातची जाईल. मेहुणे म्हणतात, नावापुढे 'डीम्ड' लिहिलंय म्हणजे डिग्री कच्ची. काय करू? – एक पालक

भाऊ, नमस्कार.

मेहुण्यांची शंका आधी घेतो, ती लवकर मिटेल. डिग्री कच्ची नाही. पदवी कोणी द्यायची हे १९५६ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्यानं ठरवून दिलंय. आयआयटीसारख्या, संसदेनं खास अधिकार दिलेल्या संस्था सोडल्या तर दोनच वाटा आहेत : कायदा करून काढलेलं विद्यापीठ, नाही तर त्या कायद्याच्या कलम ३ खाली अभिमत ठरवलेली संस्था. आपलं जळगावचं विद्यापीठ पहिल्या वाटेनं १९९० साली पुण्यापासून वेगळं झालं. क्राइस्ट दुसऱ्या वाटेनं २००८ साली आलं. अभिमत म्हणजेच डीम्ड. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर अशा संस्थांना नुसतं 'युनिव्हर्सिटी' म्हणवून घेता येईना, म्हणून ते शेपूट नावाला लागलं. त्यात लपवाछपवी नाही, उलट ते खरं सांगणं आहे.

कच्ची डिग्री कशी असते तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एक पोरगा माझ्याकडे लॅमिनेट केलेलं पदवीपत्र घेऊन आला होता. सोनेरी शिक्का, वर क्रूस, नावात 'इंटरनॅशनल', सही बिशपांची. बी.एड.च्या प्रवेशाच्या पडताळणीत ते बाद झालं होतं. मी कागद उलटसुलट पाहिला. कुठल्या कायद्याखाली, कुठल्या कलमाखाली, एक ओळ नाही. तीन वर्षं आणि बापाचं एक बिघाभर रान त्यात गेलं. शिक्का चर्चचा होता हा त्याचा दोष नव्हता. देवळाचा असता तरी तेच झालं असतं.

आता मोठ्या भावांचं. त्यांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण संस्था कोणाची हे विचारणं रास्तच आहे.

क्राइस्टमागे सीएमआय नावाचा कॅथलिक संन्याशांचा संघ आहे. तो साहेबानं आणलेला नाही. १८३१ साली केरळात कोट्टयमजवळच्या मन्नानम इथे तिथल्याच तीन पाद्र्यांनी त्याचा पाया घातला. त्यांतले कुरियाकोस एलियास चावरा पुढे २०१४ साली रोमनं संत जाहीर केले. याच चावरांनी १८४६ साली मन्नानमला संस्कृत पाठशाळा काढली आणि प्रत्येक चर्चनं शेजारी शाळा चालवावी असा आग्रह धरला. त्याच संघानं १९६९ साली बंगळुरूत क्राइस्ट कॉलेज सुरू केलं. तेव्हा ते बंगलोर विद्यापीठाशी संलग्न, साधं कॉलेज होतं. २००४ ला स्वायत्त झालं आणि चार वर्षांनी अभिमत.

हे सनावळीचं पाल्हाळ अशासाठी की चर्चचं कॉलेज आणि चर्चचं विद्यापीठ यांत फरक आहे. मुंबईचं विल्सन १८३२ चं, झेवियर्स १८६९ चं. दोन्ही मिशनऱ्यांनी काढली, पण पदवी मात्र मुंबई विद्यापीठाची. पदवीवर सही सरकारी विद्यापीठाची असायची आणि वर्ग फादर चालवायचे, अशी वाटणी दीडशे वर्षं चालली. अपवाद बंगालमधल्या सेरामपूरचा. मिशनरी विल्यम केरी आणि त्याच्या साथीदारांनी १८१८ साली काढलेल्या त्या कॉलेजला १८२७ मध्ये चक्क डेन्मार्कच्या राजानं पदव्या द्यायची सनद दिली, कारण ते गाव तेव्हा डॅनिश होतं. (याच केरीनं १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं. ते राहू द्या.) पुण्याचं स्पायसरही असंच. ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाची ही संस्था १९१५ साली कोइमतूरला सुरू झाली, १९४२ ला पुण्यात आली, आणि तिला विद्यापीठ करणारा महाराष्ट्राचा कायदा व्हायला २०१४ उजाडलं. म्हणजे संस्था कितीही जुनी असो, पदवीचा अधिकार शासनाच्या कागदावरूनच येतो. आणि असं फक्त चर्चचंच नाही. माता अमृतानंदमयी मठाचं अमृता विद्यापीठ २००३ पासून अभिमतच आहे. तिथे कोणी पोर पाठवताना हा प्रश्न विचारलेला मी तरी ऐकला नाही.

मग फादर नेमकं काय चालवतात? एक शब्दाची गफलत आधी काढून टाकू. मराठीत चॅन्सेलर म्हणजे कुलपती आणि व्हाइस चॅन्सेलर म्हणजे कुलगुरू. हिंदीत मात्र बऱ्याच ठिकाणी व्हाइस चॅन्सेलरलाच कुलपति म्हणतात. हिंदी व्हिडिओ पाहून आलेले पालक इथे हमखास घोळ घालतात. जळगावला राज्यपाल हे कुलपती असतात. अभिमत विद्यापीठात ती जागा पाठीराखी संस्था भरते, म्हणून क्राइस्टला ती सीएमआय संघाच्या फादरकडे असते. तिथले कुलगुरूही आजवर फादरच राहिलेत. रोजचा कारभार कुलगुरू बघतात. अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्या परिषद ठरवते. तिथे प्राध्यापक बसतात आणि यूजीसीचे नियम सगळ्यांना लागू असतात. मानसशास्त्राच्या पेपरात काय यावं हे चर्चमध्ये ठरत नाही.

धर्माबद्दल घटनेचं कलम २८ वाचून दाखवा मोठ्या भावांना. सरकारमान्य शिक्षणसंस्थेत कोणालाही संमतीशिवाय धर्मशिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर संमती पालकाची लागते. आवारात चॅपल असेल, नाताळ जोरात होईल. तेवढं दिसणारच.

चर्चचा हात खरा जाणवतो तो शिस्तीत. क्राइस्टला हजेरी ८५ टक्के लागते, आणि ती गंमत नाही. आपल्याकडे महिनाभर गावी येऊन बसलेली पोरं सबमिशनला उगवतात, तसं तिथे चालणार नाही. मावसबहिणीच्या लग्नाला आठ दिवस आधी बोलावणार असाल तर आत्ताच विचार करा. स्पायसरसारख्या ठिकाणी पंथ आणखी दिसतो : ॲडव्हेंटिस्ट शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ पाळतात, तेव्हा तिथे शनिवार पवित्र. ज्याच्या त्याच्या घरचे रिवाज.

दुसरी गोष्ट, आणि मला जास्त काळजी हिची आहे : आपल्या राज्याचा ओबीसी दाखला परराज्यातल्या खासगी अभिमत विद्यापीठात कामाला येईल असं धरून चालू नका. फीमध्ये काही सवलत मिळेल हा हिशेब वहीतून खोडून टाका. फीचा तक्ता बघताना रक्कम वर्षाची की सत्राची, वसतिगृह धरून की सोडून, आणि परराज्यातल्या विद्यार्थ्याचा रकाना वेगळा आहे का, हे तीन वेळा बघा. तुमच्याकडे वादळ मे-जूनमध्ये येतं आणि हप्ताही त्याच सुमारास. बाग आडवी झाली तर दुसऱ्या वर्षीचे पैसे कुठून येतील, याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर मी स्पष्ट सांगतो, जळगावला बी.ए. करू द्या. मानसशास्त्रात नुसत्या बी.ए.वर समुपदेशक होता येत नाही, पुढे एम.ए. किंवा एम.एस्सी. लागतेच. बंगळुरू तेव्हाही जागेवर असेल. पैशाची सोय असेल तर मात्र मला तिथे जाण्याबद्दल काही आक्षेप नाही, विभाग चांगला आहे.

एक बारीक गोष्ट. क्राइस्टच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेलाही 'सीयूईटी' म्हणतात आणि एनटीए या केंद्राच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या परीक्षेलाही. तुम्ही 'नाव लागलंय' लिहिलंत ते कशावरून, हे आज रात्री मुलीचा मेल उघडून स्वतः वाचा. एजंटनं व्हॉट्सॲपवर पाठवलेलं पत्र असेल तर एक रुपया भरू नका. आणि प्रवेश कुठल्या कॅम्पसचा तेही बघा. यांचा एक कॅम्पस आपल्या पुणे जिल्ह्यात लवासाला आहे, एक दिल्लीजवळ गाझियाबादला.

तक्रारीचं म्हणाल तर २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी लोकपाल असावा लागतो. त्यांचं नाव वेबसाइटवर शोधून मुलीच्या फोनमध्ये ठेवा.

भुसावळहून कर्नाटक एक्सप्रेस थेट बंगळुरूला जाते. जमलं तर फी भरण्याआधी एकदा जाऊन या, आणि तिसरं तिकीट मोठ्या भावांचं काढा. वसतिगृहाच्या वॉर्डनला काय विचारायचं ते त्यांनाच विचारू द्या.