रोजच्या सवयींमुळे घर, तब्येत आणि कामातलं समाधान खरंच बदलतं का? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही तीन याद्या केल्या होत्या. एक तब्येतीची, एक घराची, एक कामाची. त्यात पहाटे उठणं होतं, व्यायाम होता, मुलांशी रोज अर्धा तास गप्पा होत्या, काम करताना मोबाइल लांब ठेवणं होतं. नव्याचे नऊ दिवस गेले आणि तिन्ही याद्या बारगळल्या. आता तुम्ही विचारताय की रोजच्या सवयींनी खरंच काही बदलतं का, बदलत असेल तर सुरुवात कुठून करायची, आणि घरच्यांना त्यात कसं सामील करून घ्यायचं.

बदलतं, आणि खूप बदलतं. पण मुळात घर, शरीर आणि काम ही तीन वेगळी खाती नाहीत. संध्याकाळी काम डोक्यातून उतरलं नाही की माणूस घरात नुसता शरीराने हजर असतो. रात्री पाठ टेकली तरी आत हिशेब चालूच. झोप अपुरी झाली की सकाळी क्षुल्लक कारणावरून आवाज चढतो. तो वाद डोक्यात घेऊन कामाला बसलं की तासाभराचं काम दुपारपर्यंत रेंगाळतं, आणि उरलेलं पुन्हा आपल्याबरोबर घरी येतं. चिडचिड घरात दिसते, तिचं मूळ झोपेत असतं, आणि झोपेच्या तक्रारीचं मूळ कामात. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की दिवसाचे सांधे धरा. काम संपून घर सुरू होतं तो एक, आणि दिवस संपून झोप सुरू होते तो दुसरा. या दोन ठिकाणी रोज जे घडतं, त्याचे पडसाद तिन्हीकडे उमटतात.

सांध्यांवर एवढा भर का, तर सवय कशी काम करते ते बघा. वेंडी वुड या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भाग घेणाऱ्यांना ठरावीक वेळाने थांबून आत्ता काय करतोय आणि मनात काय चाललंय, हे वहीत लिहायचं होतं. जवळपास रोज, बहुतेक त्याच जागी आणि मनात दुसराच विचार चालू असताना केल्या जाणाऱ्या कृती सुमारे ४३ टक्के निघाल्या. म्हणजे दिवसाचा एवढा मोठा भाग आपण ठरवून जगतच नाही, तो होऊन जातो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या मेंदूत याचीच दुसरी बाजू पाहिली. उंदीर चक्रव्यूहाची वाट शिकत असतो तेव्हा मेंदूच्या खोल भागातल्या पेशी वाटभर सक्रिय असतात. वाट अंगवळणी पडली की ती हालचाल मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटी दिसते, मधला भाग आपोआप पार पडतो. यातून मी माझ्यापुरता घेतलेला धडा असा, की एकदा गाडी सुरू झाली की मध्येच स्वतःला आवरणं कठीण असतं. सोफ्यावर बसून फोन हातात आल्यानंतर ‘आता पुरे’ म्हणण्यात खूप शक्ती जाते. दारातून आत आल्यावर पहिली कृती कोणती, हे बदलणं त्यामानाने सोपं जातं.

आता कामाच्या सांध्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. मी ऑडिटचं काम करते. आमच्याकडे काम ‘संपलं’ असं सहसा होत नाही, ते फक्त त्या दिवसापुरतं थांबतं. आणि अर्धवट राहिलेलं काम मनाला सोडत नाही. सोफी लेरॉय यांनी २००९ मधल्या संशोधनात दाखवलं की एक काम अपुरं ठेवून दुसऱ्याकडे वळलं तर लक्षाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो आणि दुसरं काम त्यामुळे कच्चं होतं. त्यांनी हे कामाबद्दलच तपासलं. पण संध्याकाळी ‘दुसरं काम’ म्हणजे आपली माणसं असतात, हे लक्षात घेतलं की त्याचं गांभीर्य कळतं.

सुदैवाने यावरचा उपाय काम पूर्ण करणं हा नाही, नाहीतर आपली कोणाचीच सुटका नव्हती. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं की अपुऱ्या कामाचं पुढे नेमकं काय, कधी, कसं करायचं हे ठरवून ठेवलं तर त्याचे विचार मध्येमध्ये डोकावणं बरंच कमी होतं, काम तसंच पडून असलं तरी. ‘नेमकं’ हा भाग मात्र सोडून चालत नाही. काम बंद करायच्या आधी मी वहीत दोन गोष्टी लिहिते. पहिली, उद्या बसल्यावर सगळ्यात आधी काय. ‘अहवाल पूर्ण करणे’ असं लिहून काही उपयोग होत नाही, मन त्याला भुलत नाही. ‘तिसऱ्या तक्त्यातली बेरीज मागच्या तिमाहीशी ताडून बघणे, फरक बहुधा घसाऱ्यात आहे’ असं लिहिलं की डोकं तो विषय सोडतं. दुसरी गोष्ट, आज काय पुढे सरकलं, एका ओळीत. कधी ती ओळ अगदी किरकोळ असते. ‘नव्या मुलीला नोंदी तपासायची पद्धत समजावली, तिला जमली.’

ही दुसरी ओळ लोक वाया घालवलेला वेळ समजतात, पण कामातल्या समाधानाचा मोठा भाग मला तिच्यात सापडलाय. टेरेसा अमाबिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात कंपन्यांमधल्या २३८ जणांच्या जवळपास १२,००० रोजच्या नोंदी अभ्यासल्या. ज्या दिवशी अर्थ वाटणाऱ्या कामात थोडी का होईना प्रगती झाली, त्या दिवशी माणसं सगळ्यात उत्साही होती. अडचण अशी की प्रगती झाली तरी ती आपल्या नजरेत राहत नाही, अडलेलं तेवढं राहतं. दिवसभरात दहा गोष्टी मार्गी लागतात आणि आपण घरी येतो ते अकरावी घेऊन. लिहिलेली ओळ ही नजर सुधारते. तिने कंटाळवाणं काम रंजक होणार नाही, पण ‘दिवस कुठे गेला कळलंच नाही’ ही पोकळ भावना कमी होते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. तुमच्यावर दोन माणसांच्या कामाचा बोजा असेल, किंवा वरिष्ठ रात्री अकराला फोन करत असतील, तर वहीतल्या दोन ओळी हा त्यावरचा इलाज नाही. तिथे बोलावं लागतं, कामाची वाटणी मागावी लागते. सवयींच्या नावाखाली अन्याय गिळायला शिकवणारे सल्ले मला अजिबात पटत नाहीत.

आता दार उघडून घरात येऊ. जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी नवविवाहित जोडप्यांचं निरीक्षण केलं आणि सहा वर्षांनी त्यांची पुन्हा चौकशी केली. ते जे मोजत होते ते फार छोटं होतं. एकाने सहज काही म्हटलं, खिडकीबाहेर काही दाखवलं, उसासा टाकला, तर दुसरा त्याकडे वळतो का? एकत्र टिकलेली जोडपी अशा वेळी ८६ टक्के वेळा वळली होती, विभक्त झालेली ३३ टक्के. वळल्यामुळे संसार टिकला की मुळात बरं चाललं होतं म्हणून ती वळत होती, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. तरी मला हा अभ्यास मोलाचा वाटतो, कारण नातं कुठे घडतं ती जागा तो दाखवतो. मोठी भांडणं आणि मोठे समेट वर्षातून मोजके. ‘अगं, हे बघ ना’ मात्र दिवसातून कितीदा येतं!

आणि त्याची सगळ्यात जास्त गर्दी आपण घरी पोचल्यावर असते. माझी मुलगी मी चप्पल काढत असतानाच बोलायला लागते. वाक्य मधूनच सुरू होतं, कारण तिच्या डोक्यात ते दुपारपासून चालू असतं. ‘आणि मग तिने माझी बाजूच घेतली नाही!’ कोणी, कधी, कशावरून, काहीच माहीत नसतं. त्या क्षणी पिशवी खाली ठेवून तिच्याकडे बघितलं, ‘कोणी नाही घेतली?’ एवढं विचारलं, तर पाच-सात मिनिटांत सगळं सांगून ती आपली आपण निघून जाते. तेच ‘थांब हं, जरा बसू दे’ म्हणून पुढे ढकललं तर तासाभराने विचारलेल्या ‘काय झालं होतं गं?’ला उत्तर मिळतं, ‘काही नाही.’ तुमच्या यादीतल्या अर्ध्या तासाच्या गप्पा का जमल्या नाहीत याचं कारण मला इथेच दिसतं. बोलणं तुम्ही नेमलेल्या वेळेला येत नाही, ते आलं की तुम्ही मोकळे असावे लागता. आणि मोकळं येता यावं म्हणूनच कामाच्या जागी त्या दोन ओळी लिहून यायचं.

माझ्या नवऱ्याला मात्र घरी आल्यावर पंधरा मिनिटं शांतता लागते. तो आला की एवढंच म्हणतो, ‘मी पंधरा मिनिटांत येतो,’ आणि खरंच येतो. तो शब्द पाळला जातो म्हणून कोणाला वाईट वाटत नाही. प्रत्येकाने दारातच हसतमुख असायला हवं, असा माझा आग्रह नाही.

झोपेचा सांधा. प्रौढांना रात्री किमान सात तास झोप हवी, हे तुम्हाला माहीत असणार. झोपण्याआधी पडद्यावर वाचलं तर झोप लागायला किती उशीर होतो, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं होतं. छापील पुस्तकापेक्षा सुमारे दहा मिनिटं उशीर झाला आणि मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, तेही कमी झालं. माणसं फक्त बारा होती. माझ्या मते प्रकाशापेक्षा मजकुराचा त्रास मोठा आहे. रात्री साडेदहाला कामाचा मेल उघडणं म्हणजे बंद केलेलं दुकान पुन्हा उघडून बसणं. दुसऱ्या एका प्रयोगात, २०१८ मध्ये, झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं लिहिणाऱ्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं आधी झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. कामाच्या सांध्याला सांगितलेलीच युक्ती इथे पुन्हा उपयोगी पडते. मुलांच्या बाबतीत झोपेची वेळ रोज साधारण तीच असणं महत्त्वाचं. ब्रिटनमधल्या सात वर्षांच्या दहा हजारांहून अधिक मुलांच्या पाहणीत अनियमित वेळेला झोपणाऱ्या मुलांमध्ये वागण्याच्या तक्रारी जास्त आढळल्या, आणि वेळ नियमित झाली तेव्हा त्या कमी झालेल्या दिसल्या.

तरीही आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नसेल आणि असं तीन महिने चाललं असेल, किंवा घोरताना श्वास अडकतोय असं घरचे सांगत असतील, तर डॉक्टरांकडे जा. तिथे सवयींवर विसंबून वेळ घालवू नका.

व्यायामाबद्दल थोडक्यात. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या बसगाड्यांवरचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापं तपासून दाखवलं की चालकांची कंबर नोकरीला लागतानाच मोठी होती, म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. पण दिवसाच्या ओघात होणारी हालचाल मोजण्यासारखी असते, हे तेव्हापासून वारंवार दिसलंय. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. तुम्ही पहाटेचा हट्ट सोडा आणि ती हालचाल पहिल्या सांध्यात बसवा. कामावरून येताना वाटेचा काही भाग चालत या. शरीराला चाल मिळते आणि डोक्याला काम उतरवायला वेळ मिळतो.

किती दिवस लागतील? एकवीस दिवसांची गोष्ट विसरा. मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात. लोकांनी त्यातला ‘किमान’ गाळला आणि ते सगळ्या सवयींना लावलं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर बारा आठवडे अभ्यास केला, तेव्हा कृती आपोआप व्हायला लागण्याचा मध्यक, म्हणजे अगदी मधला आकडा, ६६ दिवस निघाला. अंदाज १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. सोप्या सवयी लवकर बसल्या, व्यायामाच्या उशिरा. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तुमच्या याद्या पंधरवड्यात सुटल्या, त्या वेळी त्या सवयी होण्याच्या जवळपासही नव्हत्या. त्यावरून स्वतःला आळशी ठरवू नका.

राहिला घरच्यांचा प्रश्न. त्यांना ‘सामील करून घेऊ’ नका, निदान सुरुवातीला. दुसऱ्याच्या सुधारणेचा कार्यक्रम कोणालाच आवडत नाही. आधी पहिला सांधा तुमच्यापुरता धरा, दोन महिने, कोणाला न सांगता. दुसऱ्या, झोपेच्या सांध्यात घरचे आपसूक येतात, कारण झोपायची जागा सामायिक असते. तिथे उपदेश करण्यापेक्षा वस्तूंची जागा बदला. चार्जर झोपायच्या खोलीतून बाहेर न्या, आधी फक्त स्वतःचा, आणि गजराला साधं घड्याळ आणा. त्यानंतर जोडीदाराला एक प्रश्न विचारा. ‘मी घरी आल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत तुला माझ्याकडून काय हवं असतं?’ उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका. ते उत्तर तुमच्या यादीतलं नसण्याचीच शक्यता जास्त आहे, आणि पुढची सवय त्याच उत्तरातून निवडा.