पाण्याखालचा श्वास : घरी केलेला रीब्रीदर चालेल का?

प्रश्न : काका, मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डिसेंबरात ग्रँड आयलंडला स्कूबा केलं. चाळीस मिनिटांत टाकी संपली, आणि बुडबुड्यांनी मासे पळाले ते वेगळंच. आता मी आणि माझा मित्र घरीच रीब्रीदर, म्हणजे सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा घ्यायला देणारा संच, बनवतोय. पीव्हीसी पाइपचा डबा, गरम पाण्याच्या रबरी पिशव्या, ऑक्सिजनचा लहान सिलिंडर आणि भूल देण्याच्या यंत्रात कार्बन डायऑक्साइड शोषायला घालतात तो सोडा लाइम, एवढं जमवलंय. एका तासाला किती ग्रॅम सोडा लाइम लागेल?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : तुझ्या डोक्यात आलेली कल्पना बरोबरच आहे. आपण घेतो त्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, आणि सोडतो तिच्यातही १६-१७ टक्के उरलेला असतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, त्यामुळे वर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल तर तिथे ४० लिटर लागते. त्यातला जेमतेम लिटरभर ऑक्सिजन शरीराच्या कामी येतो, बाकी सगळं वर जातं. ही नासाडी थांबवणारा संच हेन्री फ्लूसने इंग्लंडात १८७८ सालीच केला होता.

तरीही ग्रॅमचा आकडा मी तुला देणार नाही.

तरुणपणी मी पाणबुड्याचं शिक्षण घेत होतो. शुद्ध ऑक्सिजनवर चालणाऱ्या रीब्रीदरचा सराव तलावात, पाणी दोन मीटरसुद्धा नाही. संच लावताना छातीतली आणि पिशवीतली हवा काढून टाकायची आणि पिशवी दोन-तीनदा शुद्ध ऑक्सिजनने भरायची, हा पहिला धडा. माझ्या जोडीदाराने घाईत तो उरकला. त्याच्या पिशवीत नायट्रोजन राहिला. शरीर ऑक्सिजन संपवत गेलं, पण नायट्रोजनमुळे पिशवी फुगलेलीच, त्यामुळे नवा ऑक्सिजन घ्यायची त्याला गरजच वाटली नाही. मी हातभर अंतरावर होतो. तो तळाच्या फरशा न्याहाळतोय असं मला वाटलं. मनगट धरलं तेव्हा बोटं सैल पडली होती. वर काढल्यावर शुद्धीत आला आणि म्हणाला, ‘‘झालं काय? आपल्याला खाली जायचंय ना?’’ धडपड नाही, खूण नाही, आणि त्याला काही आठवतही नव्हतं.

बाबा रे, जीव गुदमरतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्याने. ऑक्सिजन कमी झाला तर माणूस नुसता झोपल्यासारखा जातो. आणि तुझा डबा नेमका तो कार्बन डायऑक्साइडच शोषून घेणार, म्हणजे धोक्याची घंटाच काढून ठेवणार.

दुसरं तुझ्या सिलिंडरचं. शुद्ध ऑक्सिजनवर सहा मीटरच्या खाली जायचं नसतं. तुम्ही दहा मीटरवर गेलात तर ऑक्सिजनचा दाब दोन बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दुप्पट होतो. फिट येते, माउथपीस सुटतो, पुढचा श्वास पाण्याचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने आपल्या डायव्हरांवर चाचण्या घेतल्या, तेव्हा एका दिवशी ठणठणीत राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच खोलीवर आकडी येऊन पडत होता. म्हणून ‘मला काल काही झालं नाही’ याला इथे अर्थ नाही.

सोडा लाइमचंही तेच. नुसत्या वजनावर काही ठरत नाही. भरताना कुठे पोकळी राहिली तर वायू त्याच वाटेने न शोषता निघून जातो. पाणी शिरलं तर जळजळीत क्षार थेट तोंडात येतो. इस्पितळातले दाणे वापरून संपले की जांभळे होतात खरे, पण ठेवून दिले की काही पुन्हा पांढरे दिसतात. कपाटातले पांढरे दाणे ताजे समजून भरशील, म्हणून मुद्दाम सांगतो.

पण डबा फेकून देऊ नकोस. तो टेबलावर ठेव. माणसाच्या तोंडाऐवजी भाता जोड, त्यातून कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा सोड आणि पलीकडे सेन्सर लाव. दाणे सैल भरले तर किती मिनिटांत वायू निसटतो, ठासून भरले तर किती, डबा बर्फाच्या पाण्यात ठेवला तर किती, हे लिहून काढ. खोली मात्र हवेशीर हवी. जूनपासून आपल्याकडे डायव्हिंग बंदच असतं, तेवढे चार महिने या कामाला पुरतील. आकडे आले की मला पाठव, मी प्रत्येक ओळ वाचेन.

आणि मासे बघायचेच असतील तर पुढच्या वेळी खडकाजवळ दहा मिनिटं न हलता थांब आणि सावकाश श्वास घे. टाकीही जास्त पुरेल, आणि पळालेले मासे परत येतात. मी रोज बघायचो.